आजीच्या काढ्यातली रास्ना नेमकी कोणती?

आमच्या घरी रात्रीची जेवणं झाली की एक कार्यक्रम ठरलेला असतो. आजी फडताळातून तपकिरी बाटली काढते, दोन चमचे काढा, तेवढंच कोमट पाणी, आणि तोंड वाकडं करून एका घोटात संपवते. वर गुळाचा खडा. महारास्नादि काढा. गुडघ्यांसाठी. मी शाळेत होते तेव्हापासून हे बघतेय आणि तेव्हापासून एकदाही मला प्रश्न पडला नव्हता की या 'महारास्नादि'मधली रास्ना म्हणजे काय.

प्रश्न पडला तो ऑफिसच्या कामामुळे. मी मास कॉमची, सध्या इंटर्न. पुरवणीसाठी मला विषय दिला होता पावसाळी ऑर्किड्स. म्हणजे कासला जा, आमरीचे फोटो जमवा, 'या वीकएंडला काय बघाल' टाइप आठशे शब्द लिहा. (आमरी म्हणजे ऑर्किड. हा शब्द मलाही तेव्हाच कळला, लाजायचं काय त्यात.) वाचता वाचता एका ठिकाणी सापडलं की व्हँडा टेसेलाटा नावाची आमरी, जी आपल्याकडे आंब्याच्या, जांभळीच्या फांद्यांवर सर्रास दिसते, ती बंगालमध्ये 'रास्ना' म्हणून औषधात वापरतात. मी तडक उठून आजीची बाटली आणली. फोनने झूम करून लेबल वाचलं. तिथे रास्नाच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, प्लुचिया लॅन्सिओलाटा. ही आमरी नाही. ही सूर्यफुलाच्या कुळातली झुडूपवजा वनस्पती.

म्हणजे एकच नाव आणि दोन वनस्पती. आणखी वाचलं तर तिसरी निघाली. दक्षिणेत रास्ना म्हणून अल्पिनिया वापरतात, ती आल्याच्या कुळातली. सूर्यफूल, आलं आणि ऑर्किड! या तिघांचं एकमेकांशी नातं लावायचं तर सगळ्या फुलझाडांच्या वंशावळीत पार वरपर्यंत जावं लागेल. आपल्या सरकारमान्य आयुर्वेदिक फार्माकोपिआने यातली प्लुचिया ही रास्ना म्हणून धरलीय, आणि तिचंही पान. त्यामुळे कागदावर आजीची बाटली बरोबर आहे.

पण बाटलीत जे गेलं ते लेबलवरचंच होतं हे कोणी बघितलं? इथून माझा वीकएंडचा लेख बोंबलला.

मग मी शहाणपणा केला. मंडईजवळच्या तीन काष्ठौषधींच्या दुकानांत जाऊन "काका, रास्ना द्या" म्हणाले. तीन पुड्या घरी आल्या. एकीत चुरगाळलेली पानं, थोड्या काड्या. दुसरीत आल्यासारखे सुके तुकडे, नाकाजवळ नेले तरी झणझणीत वास. तिसरीत पांढुरक्या, दोरीसारख्या मुळ्या. कुठल्याच दुकानदाराने मला फसवलं असं मी म्हणत नाही. तिसऱ्या दुकानातल्या आजोबांना मी विचारलं, "हीच रास्ना का?" तर ते म्हणाले, "आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून हीच." मला वाटतं ते खरंच बोलत होते. घोटाळ्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, की यात खोटं बोलणारा माणूस सापडेलच असं नाही. व्हँडा विकणारा त्याच्या परंपरेने रास्नाच विकतोय आणि प्लुचिया विकणाराही रास्नाच विकतोय. फक्त पिणाऱ्याला आपण काय पितोय ते कळत नाही.

माझी शाळेतली मैत्रीण एमएस्सी बॉटनी करतेय. तिच्यापुढे तीन पुड्या ओतल्या. आल्यासारखी पुडी तिने वास घेऊनच बाजूला ठेवली. "हिला डीएनए कशाला लागतोय?" पानांची पुडी तिने भिंगाखाली बघितली. मुळ्या मात्र हातात घेऊन म्हणाली, "बाहेरचं हे स्पंजासारखं आवरण बघ. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळं अशी असतात. पण कुठल्या ऑर्किडची, ते यावरून मी नाही सांगू शकत. फूल असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं."

आमरी ओळखायची ती फुलावरून. औषधात जातं मूळ, कंद, खोड. बाजारात येईपर्यंत ते सुकलेलं, कापलेलं, कधी दळलेलं असतं. चीनमध्ये डेंड्रोबियम नावाच्या आमरीची खोडं औषधासाठी वापरतात, तीही पिळून, वेटोळी करून वाळवलेली. ती गोळी बघून कोणता डेंड्रोबियम ते सांगणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि महागडा-स्वस्त यात तर जमीनअस्मानाचा फरक. आपल्याकडे हिमालयातला सालमपंजा, म्हणजे डॅक्टिलोरायझा हटाजिरिया, त्याचा कंद बोटं पसरलेल्या पंजासारखा असतो म्हणून तो अख्खा असेपर्यंत ओळखता येतो. पावडर केली की संपलं.

इथे डीएनए कामाला येतो. कल्पना जुनी नाही. २००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी मांडलं की प्रत्येक प्रजातीच्या डीएनएतला एक ठरावीक छोटा तुकडा वाचला तर ती प्रजाती ओळखता येईल, दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखी. प्राण्यांसाठी त्यांनी मायटोकॉन्ड्रियातला एक जीन सुचवला. वनस्पतींमध्ये तो चालत नाही, कारण त्यांचा तो भाग फारच सावकाश बदलतो, शेजारच्या दोन प्रजातींत सारखाच निघतो. म्हणून २००९ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने वनस्पतींसाठी हरितद्रव्याच्या कणांमधले, म्हणजे क्लोरोप्लास्टमधले, दोन तुकडे सुचवले, आरबीसी-एल आणि मॅट-के. याशिवाय केंद्रकातला आयटीएस नावाचा तुकडा आहे, औषधी वनस्पतींवर काम करणारे तो फार वापरतात.

ऐकायला किती सोपं वाटतं ना? मी एक दिवस मैत्रिणीच्या लॅबमध्ये बसले. मुळी खलात घालून बारीक कुटायची. ती रसायनात टाकून ६५ डिग्रीच्या गरम पाण्यात ठेवायची. क्लोरोफॉर्म, मग अल्कोहोल, आणि मग नळीच्या तळाशी कापसाच्या धाग्यासारखा डीएनए दिसायला हवा. आमच्या नळीत दिसला तो शेंबूड. अक्षरशः. आमरीच्या अवयवांत चिकट शर्करा भरपूर असते, ती डीएनएबरोबर उतरते आणि पुढचं सगळं बिघडवते. मैत्रीण शांतपणे म्हणाली, "वेलकम टू ऑर्किड्स." त्या दिवशी पीसीआर केला, जेल चालवलं, अतिनील दिव्याखाली बघितलं तर काळोख. एकही बँड नाही. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा धुऊन-गाळून केलं तेव्हा आरबीसी-एलचा एक फिकट बँड आला. तो वाचायला बाहेर पाठवला. चार-पाच दिवसांनी ईमेलमध्ये ए, टी, जी, सी अशी पाच-साडेपाचशे अक्षरांची रांग आली. ती डेटाबेसमध्ये टाकली. उत्तर: व्हँडा किंवा तिच्या अगदी जवळची. कुठली व्हँडा? ते या तुकड्यावरून सांगता येत नाही. आरबीसी-एल कूळ सांगतो, फार तर प्रजातीगट सांगतो. सख्ख्या बहिणींमध्ये फरक करायचा तर मॅट-के नाहीतर आयटीएस वाचायला हवा.

एका पुडीवरून पुण्याच्या बाजाराबद्दल मी काही सिद्ध केलंय असं समजू नका. ती माझी उत्सुकता होती. पण जे काम खऱ्या शास्त्रज्ञांनी केलंय ते हेच सांगतं. २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी डेंड्रोबियमच्या ३६ प्रजाती घेतल्या आणि दाखवलं की जगभर चालणारे, शिफारस केलेले तुकडे या एकाच गोतावळ्यातल्या प्रजाती वेगळ्या करताना कमी पडतात; आयटीएस सरस ठरतो. दक्षिण भारतातल्या बाजारातून भुईआवळ्याचे नमुने घेतले तेव्हा एकाच नावाखाली फायलँथसच्या वेगवेगळ्या प्रजाती निघाल्या. तुर्कस्तान-इराणकडे आमरीच्या कंदांची सालेप नावाची पावडर दुधात आणि आइस्क्रीममध्ये घालतात. एक किलो पावडरीला हजार ते चार हजार कंद लागतात आणि कंद उपटला की झाड गेलं. तिथे डीएनएवरून कळायला लागलं की पावडरीत कोणकोणत्या आमऱ्या दळल्या जातायत. आमऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं बंधन आहे, अख्खं कूळच त्याच्या यादीत आहे. पण कस्टमच्या माणसाने पांढऱ्या पावडरीकडे बघून काय ओळखायचं?

आता माझं मत. एवढं वाचलंत म्हणून सांगते.

माझं म्हणणं असं की आयुर्वेदिक औषध बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात ज्या वनस्पतींच्या नावाचा गोंधळ माहीत आहे, त्यांचा कच्चा माल आत येताना डीएनएने तपासलाच पाहिजे. सगळा माल नाही, आवळ्याला कशाला हवा डीएनए? पण रास्ना, जीवंती, अष्टवर्ग यांना हवा. आणि तो तपासायचा फाटकात, बाटलीत नव्हे.

बाटलीत का नाही, याचं उत्तर न्यूयॉर्कने दिलंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने चार मोठ्या दुकानसाखळ्यांमधल्या वनौषधींच्या गोळ्या डीएनए बारकोडने तपासायला लावल्या. लेबलवरच्या वनस्पतीचा डीएनए फक्त २१ टक्के चाचण्यांत सापडला. जगभर हेडलाइन! लगेच वनस्पतीशास्त्रज्ञांनी, अगदी या कंपन्यांशी घेणंदेणं नसलेल्यांनीही, डोक्याला हात लावला. कारण अर्क काढताना, उकळताना, गाळताना डीएनएचे तुकडे तुकडे होतात किंवा तो राहतच नाही. डीएनए सापडला नाही म्हणजे वनस्पती नव्हती, असं होत नाही. आणि भर म्हणून घातलेल्या तांदळाच्या पिठाचा डीएनए मात्र मस्त सापडतो. माझ्या आजीचा काढा तर तासन्‌तास उकळून आटवलेला. त्याच्यावर बारकोड चालवून 'यात रास्ना नाही' अशी बातमी मी केली असती तर ती शेअर झाली असती, आणि चुकीची असती. पत्रकारितेच्या वर्गात फॅक्ट-चेकचे जे धडे देतात त्यांत हे उदाहरण घालायला हवं.

नियम नाहीत असं नाही. 'शेड्यूल टी'मध्ये कच्चा माल तपासून घ्या, नोंद ठेवा, असं आहेच. फार्माकोपिआत प्रत्येक द्रव्याचं वर्णन, सूक्ष्मदर्शकाखाली कसं दिसतं ते, रासायनिक ओळख असं सगळं दिलंय. काम करणाऱ्याने केलं तर पुष्कळ भेसळ त्यातच पकडली जाते. पण एकाच कुळातल्या, दिसायला आणि रसायनांनी जवळच्या प्रजातींपुढे ही साधनं दमतात. चीनने आपल्या फार्माकोपिआत डीएनए बारकोडची पद्धत घेतली. ब्रिटिश फार्माकोपिआने घेतली, आणि त्यांनी उदाहरणाला कोणती वनस्पती निवडली माहितीय? तुळस. आपल्या वृंदावनातली तुळस लंडनच्या पुस्तकात बारकोडसकट आहे, आणि आपण अजून 'वडिलांच्या वेळेपासून हीच'वर चाललोय. मला हे खुपतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल ही पोरगी आयुर्वेदाच्या मागे लागलीय. बदली द्रव्य वापरणं हे आयुर्वेदात चोरून केलेलं काम नाही. त्याला शब्द आहे, प्रतिनिधी द्रव्य. च्यवनप्राशच्या जाहिरातीत ऐकू येणारा अष्टवर्ग घ्या. आठ वनस्पती, त्यांतल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातल्या आमऱ्या. सोळाव्या शतकात भावप्रकाश लिहिणारे भावमिश्र तेव्हाच सांगून गेलेत की हा अष्टवर्ग राजालाही मिळणं मुश्किल. म्हणून त्यांनी पर्याय दिले: जीवक-ऋषभक नसतील तर विदारीकंद, ऋद्धी-वृद्धी नसतील तर वाराहीकंद, बाकी चारांसाठी शतावरी आणि अश्वगंधा. बघा, चारशे वर्षांपूर्वीचा वैद्य लिहून ठेवतोय की मी काय बदललं आणि कशाच्या जागी. मला लेबलवर एवढंच हवंय. विदारीकंद घातला तर विदारीकंद लिहा. उलट बरंच आहे, त्या चार आमऱ्या डोंगरात सुखाने राहतील.

पण 'अष्टवर्गयुक्त' असं मोठ्या अक्षरात छापून आत काय आहे ते गुलदस्त्यात, यात दोन्हीकडून तोटा. खरंच जंगली ऋद्धी घातली असेल तर हिमालय ओरबाडला जातोय, आणि नसेल घातली तर गिऱ्हाईक फसतंय. कोणतं ते कळायचा एक रस्ता आपल्याकडे आहे आणि आपण तो वापरत नाही.

तुम्ही म्हणाल, खर्च? एक तुकडा वाचून घ्यायला काही शे रुपये पडतात, रसायनं आणि माणसाची मेहनत वेगळी. टनाने माल घेणाऱ्या कारखान्याला लॉटमागे हे जड नाही. गावातल्या छोट्या वैद्याला जड आहे, त्याच्यावर लादू नये. आणि रानातून मुळी गोळा करून आणणाऱ्या बाईवर तर नाहीच नाही. मला सगळ्यात भीती वाटते ती याची. 'डीएनए तपासणी' म्हटलं की आपली यंत्रणा साखळीच्या सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन पकडणार. एका पोत्यामागे चार पैसे मिळणारीला चौकीवर बसवणार, पोती ज्याच्या गोदामात जातात तो घरी. खरं तर त्या बाईला माल कोणता ते आपल्यापेक्षा बरं ठाऊक असतं. तिने झाड फुलासकट पाहिलेलं असतं. अमरकंद म्हणजे युलोफिया आमरीचा कंद, तो आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवर माहीत आहे आणि खाल्लाही जातो. ओळख हरवते ती पुढे, पोती एकमेकांत मिसळतात तिथे.

आणि यंत्र घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. डीएनए काय सांगत नाही याची यादी मैत्रिणीने माझ्याकडून पाठ करून घेतली. मुळी जंगलातली की नर्सरीतली, ते सांगत नाही. गुण आहे की उडून गेला, ते सांगत नाही. शिसं-पारा आहे का, नाही सांगत. पान आहे की मूळ, हेसुद्धा नाही, कारण एकाच झाडाच्या सगळ्या अवयवांत डीएनए तोच! फार्माकोपिआ म्हणतो रास्नाचं पान घ्या, आणि कुणी दांड्या घातल्या तर बारकोड पास करेल. तिथे सूक्ष्मदर्शक आणि तो वापरता येणारा माणूस लागतोच.

माणूस. माझा खरा मुद्दा इथेच आहे, आणि तो तुमच्या-माझ्या वयाचा आहे.

आमच्या पाचशे अक्षरांची रांग आम्ही डेटाबेसमध्ये टाकली तेव्हा तिची तुलना झाली ती आधी कुणीतरी भरलेल्या रांगांशी. त्या भरणाऱ्याने फूल बघून, नीट ओळखून, नमुना दाबून-वाळवून हर्बेरियममध्ये ठेवून मग डीएनए काढला असेल तर उत्तर बरोबर. त्यानेच चुकीचं नाव लावलं असेल तर यंत्र तीच चूक आत्मविश्वासाने आपल्याला सांगणार. म्हणजे बारकोडचा सगळा डोलारा उभा आहे तो डोंगर तुडवून आमरीच्या पाकळ्या मोजणाऱ्या माणसांवर. महाराष्ट्राला तशी माणसं मिळालीत. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ केला, तो १९६६ चा. मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. सर्वेक्षणाच्या २०१९ च्या यादीत भारतात १२५६ आमऱ्या आहेत, त्यांतल्या ३८८ जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यांतल्या १२८ पश्चिम घाटात. या १२८ मध्ये औषधी म्हणून कोणी वापरत असलेली एखादी निघाली आणि तिचा खात्रीचा बारकोड कुठेच नसला, तर दिल्ली किंवा कॅनडातून कोण येऊन तो करणार?

आणि इकडे बारावीनंतर काय सांगतात? "बॉटनीला स्कोप नाही, बायोटेक घे." माझ्या मैत्रिणीला तेच सांगितलं होतं. (मला 'मास कॉमला काय स्कोप' म्हणणारे वेगळे. ते अजून म्हणतात.) बायोटेकवाले पीसीआर झकास करतात, पण नळीत घालायला आणलेली वनस्पती कोणती, हे सांगायला कॉलेजात एकच निवृत्तीला आलेले सर असतात. सर गेले की कपाटाला कुलूप. कितीतरी कॉलेजांच्या बॉटनी विभागात अशी कपाटं आहेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची, जुन्या सहलींत गोळा केलेल्या नमुन्यांची. त्यावर हाताने लिहिलेलं गाव, तारीख, झाडाचं नाव. आपण ती अडगळ समजतो.

मला वाटतं विद्यापीठांनी ही कपाटं उघडावीत. प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-तीन कॉलेजांनी आपल्या भागातल्या औषधी आमऱ्यांची खात्रीची नोंद करावी: फुलाचे फोटो, ओळख पटवणाऱ्याचं नाव, नखाएवढा पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये. रोप उपटायचं कारणच नाही. वन विभाग आणि जैवविविधता मंडळाची परवानगी लागेल, घ्यायची. गावागावांत लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत, कितीतरी ठिकाणी त्या नुसत्या भरायच्या म्हणून भरल्यात, त्यांना यामुळे काही अर्थ येईल. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून आपण इंटरनेटवरून जे छापून बाइंडिंग करून देतो, त्यापेक्षा हे वाईट आहे का? आणि हो, सापडलेल्या आमरीचा फोटो इन्स्टावर टाकताना लोकेशन टाकू नका. माझ्याच मूळ लेखात मी ते टाकणार होते, ते आठवून आता कसंतरी होतं.

या एप्रिलमध्ये मावळात आजोळी गेले होते. रस्ता रुंद करायला आंब्याची ओळ तोडलेली. एका आडव्या फांदीवर व्हँडा अजून फुललेली होती, पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मधली ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी. मामा म्हणाला, "बांडगूळ ते, टाक." आमरी बांडगूळ नाही, ती झाडाचं काही खात नाही, नुसती बसते. गंमत म्हणजे व्हँडा हे नाव संस्कृतातल्या 'वंदा'वरून आलंय, आणि वंदा म्हणजेही बांडगूळच! विल्यम जोन्सने दिलेल्या नावातही तेच, आणि माझ्या मामानेही तिला तेच समजलं. मी ती फांदी घराजवळच्या फणसावर सुतळीने बांधून आले. जगली तर जगली.

आजीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी काढा पिऊ का नको?" मी आमच्या वैद्यकाकांना फोन लावून दिला. ते म्हणाले, "आजी, गुडघ्याला आराम आहे ना? मग घ्या." आजीने माझ्याकडे असं बघितलं की जणू एवढ्यासाठी पोरीने महिनाभर डोकं खाल्लं. पण दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो तेव्हा तिनेच चष्मा लावून बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, "यातली रास्ना कुठली हो?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "आजी, रास्ना म्हणजे रास्नाच."

उरलेल्या मुळ्या सिलिका जेलच्या डबीत घालून आमच्या फ्रिजमध्ये ठेवल्यात, कोथिंबिरीच्या शेजारी. मैत्रिणीची परीक्षा संपली की आम्ही मॅट-के लावणार आहोत. डबीवर आईने चिठ्ठी चिकटवलीय, 'खायचं नाही'.